दर्याच्या दारी

आमचे हैदराबाद समुद्रापासून चांगलेच दूर आहे. तथापि 'सागर' ह्या शब्दाचे आम्हां हैदराबादकरांना जेवढे वेड आहे, तेवढे एखाद्या बंदरगावालाही नसेल. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळी, १५६२ च्या सुमारास, बांधलेला तो हुसेनसागर. १९०८ साली मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे बुडाली, त्यानंतर पुराला आवर घालण्यासाठी बांधलेले ते उस्मानसागर आणि हिमायतसागर. तिन्ही तलावच, परंतु नावे अशी की परक्याला वाटावे, येथे गलबते लागत असतील. रविवारची मिस्सा आटोपली की मुलाबाळांना नावेत बसवून हुसेनसागरातील बुद्धमूर्तीपर्यंत नेऊन आणावे, खारे शेंगदाणे खावेत आणि घरी परतावे, एवढ्यावर आमची दर्यावर्दी हौस आजवर भागत असे.

अलीकडे ही हौस वाढली आहे आणि तिला कारणेही तशीच घडली आहेत. २०२१ पासून मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे सहलीचे मोठे प्रवासी जहाज जाऊ लागले. ज्या वडीलधाऱ्यांनी 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' ह्या आगबोटींतून वळकटीवर बसून, ओकाऱ्या सोसून पणजी गाठली होती, ते आता नातवंडांसह पांढऱ्याशुभ्र खोल्यांत निजून जातात. दुसरे कारण आम्हां ख्रिस्ती मंडळींच्या अधिक जवळचे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत जुन्या गोव्यात खुले होते. त्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे गोव्यास जाऊन आली. कोणी आगगाडीने, कोणी बसने, तर दोन-चार घरे मुंबईहून जहाजाने गेली. परत आल्यावर प्रत्येकाच्या तोंडी दोन गोष्टी होत्या. पहिली संतांच्या दर्शनाची आणि दुसरी डॉल्फिनच्या दर्शनाची. खरे सांगावयाचे तर मुलांच्या तोंडी दुसरीच आधी होती, आणि त्याबद्दल आम्ही त्यांना दोष देत नाही.

ह्या दुसऱ्या दर्शनाविषयी आज दोन शब्द लिहावेत असे मनात आहे.

जहाजाने जाणाऱ्यांचा क्रम साधारण असा असतो. जहाज मुरगाव बंदराला लागते. उतारूंना काही तासांची मोकळीक मिळते. तेवढ्या वेळात देवळे, चर्चे, काजूंची दुकाने, जेवण आणि डॉल्फिन असे सारे उरकावयाचे असते. मग मोटारीतून घाईघाईने आग्वाद किल्ल्याच्या पायथ्याशी सिकेरीस किंवा नेरूळच्या किनाऱ्यावर जावयाचे, नारिंगी जाकिटे अंगात अडकवावयाची आणि यांत्रिक होडीत बसावयाचे. मांडवीच्या मुखाबाहेर होडी पडली की शोध सुरू होतो. 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत' अशी पाटी अनेक ठिकाणी लावलेली असते. वाचकांनी ह्या पाटीकडे जरा थांबून पाहावे, कारण पुढील सारा अनर्थ तिच्यातूनच उद्भवतो.

प्रथम ज्याला पाहावयास आपण जातो तो प्राणी कोण हे समजून घेऊ. गोवा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत जो डॉल्फिन बहुधा दिसतो, त्याच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असून त्या उंचवट्यावर लहानसा पंख असतो. त्याला हंपबॅक डॉल्फिन म्हणतात. रंग शिशासारखा करडा. हा उथळ पाण्यातील रहिवासी. बहुधा वीस-पंचवीस मीटरांहून अधिक खोलीत तो जात नाही. नद्यांची मुखे, खाड्या, किनाऱ्यालगतची पट्टी हेच त्याचे घरदार. म्हणजे मच्छीमारांची जाळी, बंदरांतील वाहतूक, शहरांचे सांडपाणी आणि आम्हां सहलकऱ्यांच्या होड्या ज्या पट्टीत गर्दी करतात, नेमक्या त्याच पट्टीत ह्याला संसार करावयाचा असतो. ही जात धोक्यात आली आहे असे जगभरच्या प्राणितज्ज्ञांनी ठरविले आहे.

संसार हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. डॉल्फिन मासा नव्हे. त्याला फुप्फुसे आहेत. त्याची मादी सुमारे वर्षभर गर्भ वाहते, एकाच पिल्लाला जन्म देते, त्याला अंगावर पाजते आणि दोन-तीन वर्षे सांभाळते. पाण्याखाली पाजणे म्हणजे काही सेकंदांचे काम. पिल्लाने लुचावे, सोडावे, श्वासासाठी वर यावे आणि पुन्हा लुचावे, असे दिवसभर चालते. आपण श्वास घेतो तो न कळत. डॉल्फिनला प्रत्येक श्वास जाणून घ्यावा लागतो, आणि म्हणूनच झोपेतही त्याच्या मेंदूचा अर्धा भाग जागा असतो. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक पाहतो. आपण काढलेल्या आवाजाचा पडसाद ऐकून पुढे मासा आहे की खडक हे तो ओळखतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जलद. पाच-सहा होड्यांची यंत्रे एकदम धडधडू लागली म्हणजे त्याच्या कानांवर काय येत असेल, ह्याची कल्पना लग्नाच्या वरातीत बँडवाल्याशेजारी उभे राहून घरच्या माणसाशी बोलू पाहणाऱ्याला सहज यावी.

आता पाटीकडे वळू. 'पैसे परत' असे एकदा कबूल केले की होडीच्या तांडेलाला डॉल्फिन दाखविणे भागच पडते. कोठे पाणी हलले की तो त्या दिशेने होडी सोडतो. त्याला पाहून दुसरा सोडतो, तिसरा सोडतो. डॉल्फिनचा कळप बुडी मारतो आणि शंभर-दीडशे हातांवर वर येतो. होड्या वळून तिकडे धावतात. उतारू उभे राहून ओरडतात, मोबाईल उंचावतात, "भाऊ, अजून जवळ घ्या" असा गिलका होतो. जहाजाच्या प्रवाशांची घाई तर विचारूच नये, कारण ठरलेल्या वेळी जहाज सुटावयाचे असते. वीस मिनिटांत सारे आटोपते. उतारू समाधानाने परततात आणि पुढची होडी भरते. सकाळपासून दुपारपर्यंत त्या कळपाने किती वेळा अशी पळापळ केली असेल, ह्याचा हिशेब कोणीच ठेवीत नाही.

आम्ही ज्या होडीत होतो तिच्यातही आरंभी हेच चालले होते. आमच्या मंडळींत एक निवृत्त शिक्षिका होत्या. चाळीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या बाईंचा आवाज वाऱ्यावरही ऐकू येतो. त्या तांडेलाला म्हणाल्या, "बाबा, यंत्र जरा बंद करा. आम्हांला घाई नाही."

तो वयस्क ख्रिस्ती गृहस्थ होता. हसून म्हणाला, "बाय, बंद करतो, पण दिसले नाहीत तर तुम्हीच पैसे परत मागाल."

"नाही मागणार. ही सगळी मंडळीही मागणार नाहीत," असे म्हणून बाईंनी मागे वळून आम्हां सर्वांकडे पाहिले. पैसे मागण्याची कोणाची छाती होती?

यंत्र थांबले. बाकीच्या होड्या आग्वादच्या टोकाकडे निघून गेल्या होत्या. काही वेळ नुसती होडी हलत होती. एका गृहस्थांना मळमळू लागले, दोन मुले कंटाळून भांडू लागली. पंधरा मिनिटे गेली असतील. मग मागच्या बाजूस, कोणीही पाहत नव्हते तेथे, कोणी जोराने उसासा टाकावा तसा आवाज झाला. वळून पाहतो तो पाण्यावर आधी लांबट चोच, मग कपाळ, मग ती वशिंडासारखी पाठ संथपणे वर येऊन खाली गेली. तिच्या कुशीला लागून दुसरी लहान पाठ. पुन्हा उसासा आणि त्यापाठोपाठ एक बारीक उसासा. ती दोघे आमच्या होडीपासून चाळीस-पन्नास हातांवर चरत राहिली. उडी नाही, कसरत नाही. ह्या जातीचे डॉल्फिन लाजाळू असतात. जाहिरातींतल्या चित्रांसारखे ते होडीपुढे नाचत नाहीत. मुलांचे भांडण केव्हा थांबले ते कळले नाही. कोणी मोबाईल काढला नाही असे मात्र नाही. काढले, पण चित्रांत पाण्याशिवाय काही आले नाही.

तांडेल स्वतःशीच बोलावे तसे बोलला. त्याचे वडील रापण ओढीत असत. किनाऱ्यावरून गावच्या साऱ्या माणसांनी मिळून ओढावयाचे ते अवाढव्य जाळे. पुढे यांत्रिक ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळचे मासे गेले. १९७० नंतरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी ट्रॉलरांविरुद्ध केलेला लढा आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या स्मरणात असेल. किनाऱ्यालगतची मासेमारी नियमांत आणणारा गोव्याचा कायदा १९८० साली झाला, त्यामागे तो लढा होता. पण गेलेले मासे कायद्याने परत येत नाहीत. रापण परवडेनाशी झाली तेव्हा होडी तीच राहिली आणि जाळ्याच्या जागी उतारू आले. "मासा मिळाला नाही तर दर्याला कोण विचारणार? पण डॉल्फिन मिळाला नाही तर मला विचारतात," असे तो म्हणाला. आम्हांस त्याचा राग आला नाही. येण्यासारखे काही नव्हतेच.

कायदा काय म्हणतो हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनला वाघाच्या पंक्तीला बसविले आहे. ह्या कायद्यात शिकार शब्दाची व्याख्या मोठी व्यापक आहे. ठार मारण्याबरोबरच पकडणे, हाकणे, आमिष दाखविणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे ह्यांचाही तीत समावेश होतो. सहलीच्या होडीने कळपाला हाकलणे त्यात बसते की नाही हे वकिलांनी ठरवावे. डॉल्फिनांना हौदांत कोंडून खेळ करविण्याची केंद्रे काढण्यास २०१३ साली आपल्या सरकारने मनाई केली, हे फार चांगले झाले. जे हौदात करू द्यावयाचे नाही तेच उघड्या समुद्रात तिकीट लावून करावे, ही मात्र विसंगती आहे. ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक नियमांत होडीने डॉल्फिनपासून ५० मीटर आणि देवमाशापासून १०० मीटर दूर राहावे असे सांगितले आहे. त्याबाहेर आणखी एक मोठे वर्तुळ मानले आहे. त्यात एका वेळी तीनच होड्या, त्याही अगदी हळू. समोरून किंवा पाठीमागून जावयाचे नाही. आणि पिल्लू सोबत असेल तर त्या बाहेरच्या वर्तुळातही शिरावयाचे नाही. हे पाळूनही तेथे लोक पाहावयास जातात आणि होडीवाल्यांचे पोटही भरते. हा धंदा नवा नाही. १९५५ साली अमेरिकेत सान डिएगोच्या किनाऱ्यावरून एक डॉलर घेऊन देवमासे दाखविण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा जगातील अनेक देश देवमासे मारूनच पैसे मिळवीत होते. मारण्यापेक्षा दाखविण्यात अधिक मिळकत आहे हे पुढे साऱ्यांना उमजले. तेव्हा दाखविण्याच्या धंद्याला आमचा विरोध मुळीच नाही.

देवमाशाचे नाव निघाले म्हणून थोडे आडवळण घेतो. हैदराबादकरांना ते आवडेल. आपल्याच अरबी समुद्रात हंपबॅक जातीच्या देवमाशांची एक निराळी वसाहत आहे. (हंपबॅक डॉल्फिन निराळा, हा देवमासा निराळा, नावाने घोटाळा होऊ नये.) जगातील इतर हंपबॅक देवमासे ऋतुमानाप्रमाणे ध्रुवाकडे जातात व परत येतात. हे मात्र बारा महिने अरबी समुद्रातच राहतात, आणि शास्त्रज्ञांच्या मते सुमारे ७०,००० वर्षे ते आपल्या इतर भाईबंदांपासून तुटलेले आहेत. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची गणती झाली तेव्हा ती शंभराच्या आतच भरली. एवढे थोडे का? १९६५ आणि १९६६ ह्या दोन वर्षांत सोव्हिएत रशियाच्या शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत ह्यांच्या किनाऱ्यांसमोर २४२ हंपबॅक मारले. त्यांत गाभण्या माद्याही होत्या. ही शिकार त्या वेळी लपवून ठेवण्यात आली आणि तीस वर्षांनी उजेडात आली.

ह्या थोड्यांपैकी एका मादीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसविले. तिचे नाव लुबान. लुबान म्हणजे अरबीत ऊद, आणि आपल्या चारमिनारच्या बाजारात ज्याचा धूर घेऊन फकीर दुकानोदुकानी हिंडतात त्या लोबान शब्दाचे मूळही हेच. पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी बाळ येशूपुढे जे तीन नजराणे ठेवले त्यांतला ऊद अरबस्तानच्या ह्याच दक्षिण किनाऱ्यावर पिकतो. लुबान तो डिसेंबर पोहत होती. सारा अरबी समुद्र ओलांडून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यापाशी आली, किनाऱ्याने दक्षिणेकडे गेली आणि पुढे ओमानला परतली. नाताळच्या सुमारास आमची मंडळी गोव्याच्या वाळूत फिरत असतील तेव्हा क्षितिजापलीकडे ऊद नावाची देवमाशी वाट कापीत होती, हे त्या वर्षी कोणाच्या गावीही नव्हते.

आणि समुद्र नसलेल्या आमच्या शहराचा ह्या साऱ्याशी संबंध नाही असेही नाही. प्रगतीनगरजवळ भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. १९९९ साली ते स्थापन झाले. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर धोक्याची सूचना देणारे केंद्रही २००७ साली तेथेच उभारण्यात आले. उपग्रहांकडून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हिरव्या सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण समजून घेऊन, मासे कोठे गोळा झाले असतील ह्याचा अंदाज हे केंद्र किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना त्यांच्या त्यांच्या भाषेत, मराठीतही, पाठविते. तत्त्व साधे आहे. थंड आणि उबदार पाणी जेथे भेटते तेथे खाद्य साचते, खाद्याकडे मासे येतात, माशांमागे होड्या येतात. आणि डॉल्फिनही येतात, कारण त्यांना केंद्राची सूचना लागत नाही. जाळे आणि डॉल्फिन ह्यांची गाठ पडते ती अशी. दख्खनच्या पठारावर बसून माणसे रोज समुद्र न्याहाळतात, ही गोष्ट आमच्या मुलांना डॉल्फिनच्या होडीइतकीच दाखविण्याजोगी आहे असे आमचे मत आहे.

जाळ्यात डॉल्फिन, कासव किंवा व्हेल शार्क अडकला तर मच्छीमाराने काय करावे? जाळे कापले तर हजारो रुपयांचे नुकसान, न कापले तर प्राणी गुदमरून मरतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या डिसेंबरात अशी योजना केली की, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. त्याने सुटकेचे छायाचित्र तेवढे दाखवावे. कोकणातील गरीब माणसांनी ह्या योजनेखाली कासवे आणि मोठाले मासे सोडले आहेत. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नील देवमासा येऊन पडला. त्याला परत लोटण्यासाठी लोक तासन्‌तास झटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू रुतले तेव्हा ग्रामस्थांनी त्याच्या अंगावर पाणी घालून त्याला ओले ठेवले आणि दीड दिवसाहून अधिक खटपट करून ते खोल पाण्यात नेण्यात आले. दोन्ही वेळा प्राणी वाचला नाही. पण वाळूत पडलेल्या जीवासाठी एवढे कळवळणारे आम्ही, तोच जीव पाण्यात हिंडत-फिरत असला की त्याच्या पाठीस का लागतो, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही.

मराठीने ह्या प्राण्याला देवमासा म्हटले, हे आम्हांस फार गोड वाटते. पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे पाहावे. पाचव्या दिवशी देवाने समुद्रातील प्रचंड जीव आणि पाखरे निर्माण केली व त्यांना आशीर्वाद दिला. साऱ्या बायबलमध्ये दिला गेलेला हा पहिला आशीर्वाद होय. मनुष्याची पाळी त्यानंतर, सहाव्या दिवशी आली. योनाची गोष्ट तर पोराटोरांनाही ठाऊक आहे. परंतु मोठ्या माशाने त्याला गिळले एवढेच आपण लक्षात ठेवतो. त्या पुस्तकाच्या शेवटी निनवे नगरीवर दया करताना परमेश्वर तेथील माणसांबरोबर तेथील गुराढोरांचाही उल्लेख करतो, हे किती जणांच्या ध्यानी आहे? दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात हाच धागा पुढे नेला; इतर जीवांचे मोल आपल्याला त्यांचा काय उपयोग होतो ह्यावर ठरत नाही, असे त्यांचे सांगणे. आमच्या मते करमणूक हाही एक उपयोगच आहे.

हे सारे आम्ही धर्मग्रामाच्या बैठकीत बोललो तेव्हा एका तरुण पित्याने आक्षेप घेतला, आणि तो आम्ही येथे जसाच्या तसा देतो, कारण तो पोकळ नाही. ते म्हणाले, "वर्षातून एकदा रजा मिळते. सहाशेहून अधिक किलोमीटर जाऊन, मुलांच्या हातापाया पडून पैसे साठवून आम्ही होडीत बसतो. तुम्ही म्हणता, पाण्याकडे पाहत गप्प बसा. मुलांना काय सांगू? आणि आमची होडी थांबली तरी बाकीच्या दहा थोड्याच थांबणार?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. बाकीच्या दहा बहुधा थांबणार नाहीत. पहिल्याविषयी मात्र एवढे सांगता येईल की, समुद्रात पाहण्याजोगे डॉल्फिनशिवायही पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कोणाच्या पाठीस लागावे लागत नाही. जहाजाने जाणाऱ्यांनी पहाटे, इतर उतारू न्याहारीच्या रांगेत असताना, वरच्या डेकवर जावे. जहाजाच्या नाकाडापासून उडते मासे चकाकत दूर उडतात. लक्षद्वीपच्या वाटेवर खोल पाण्यातील स्पिनर डॉल्फिन भेटतात. ते आपण होऊन जहाजाजवळ येतात आणि हवेत भोवऱ्यासारखे फिरतात, त्यांच्या नाचाला कोणाचे तिकीट नाही. अगत्तीच्या उथळ खाजणात काचेच्या तळाच्या होडीतून हिरवी कासवे समुद्रगवत चरताना दिसतात. त्यांनी ते गवत इतके चरले की कुरणेच उजाड झाली आणि तेथील मच्छीमार कासवांवर रुसले, हीही एक गंमतच. आग्वादच्या कड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालतो. मासळीबाजारात पाठीवर क्रुसाची खूण असलेला खेकडा मिळतो. संत फ्रान्सिस झेवियरांचा समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने परत आणून दिला ती आख्यायिका मुलांना तेथेच सांगावी. एवढे करून डॉल्फिनही दिसला तर उत्तमच.

येत्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामाची मंडळी पुन्हा गोव्यास निघणार आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात डॉल्फिनच्या फेऱ्याही थांबतात. दर्या शांत होतो तो ऑक्टोबरनंतर. त्या बैठकीत बरीच वादावादी होऊन असे ठरले की, होडीचे पैसे तासावर ठरवावेत आणि निघण्यापूर्वीच पूर्ण द्यावेत, डॉल्फिन दिसोत वा न दिसोत. पाटीवर काहीही लिहिलेले असो. यंत्र बंद करण्यास तांडेलाला प्रथमच सांगावे. वेफर्सच्या पिशव्या होडीत नेऊ नयेत. हा कागद धर्मगुरूंच्या सहीने चर्चच्या दाराशी लावला आहे. त्या तरुण पित्याने आक्षेप मागे घेतलेला नाही. परंतु नावनोंदणीच्या वहीत पत्नी व दोन मुलांसह त्यांचेच नाव सर्वांच्या आधी आहे.